ज्याने उत्तर ध्रुवाची थंडी पचवली, त्यानेच निर्वासितांच्या पोरांसाठी जगाचे दरवाजे ठोठावले

साल होतं १९२१. महिना सप्टेंबर. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात राष्ट्रसंघाची आमसभा भरली होती. पहिलं महायुद्ध संपून तीन वर्षं होत आली होती आणि पुन्हा तसं काही होऊ नये म्हणून देशोदेशीचे प्रतिनिधी एकत्र बसले होते.

त्या सभेत साठीला टेकलेला, उंचापुरा, झुपकेदार मिशांचा एक माणूस बोलायला उभा राहिला. रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात दोन ते तीन कोटी लोक उपासमारीच्या तोंडाशी आहेत, असं त्याने सांगितलं. धान्य घ्यायला पैसे द्या, आणि लगेच द्या. कारण हिवाळा दोन महिन्यांवर आलाय. एकदा का बर्फ पडलं, नद्या गोठल्या, की तुम्ही नंतर कितीही धान्य पाठवलंत तरी ते गावात पोहोचणार नाही.

सभेने ऐकून घेतलं. आणि पैसे द्यायला नकार दिला.

त्या माणसाचं नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. देश नॉर्वे. आज निर्वासितांसाठी दिल्या जाणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराला त्यांचं नाव आहे. पण त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांना ते वेगळ्याच कारणासाठी माहीत होते. माणूस बर्फात किती दिवस जगू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन बघितलं होतं.

थंडीशी पहिली ओळख

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा. आजच्या ओस्लोजवळचा. तेव्हा या शहराला क्रिस्तियानिया म्हणायचे. वडील वकील, तर आईला स्कीइंगची जबर हौस. त्या काळात बायकांनी स्की पायात बांधून उतारावरून सुसाट जाणं चांगलं मानलं जात नव्हतं, पण या बाईंनी ते केलं आणि पोरांनाही शिकवलं.

मोठा झाल्यावर हा मुलगा प्राणिशास्त्र शिकला. मज्जासंस्थेवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. आरामात प्रयोगशाळेत बसून आयुष्य काढता आलं असतं.

पण १८८८ साली त्यांनी ठरवलं की ग्रीनलंड स्कीवरून आडवं पार करायचं. याआधी ज्यांनी प्रयत्न केला होता, ते पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे. तिथे वस्ती होती, त्यामुळे जमलं नाही तर परत फिरता यायचं. नान्सेन यांनी उलटं केलं. ते पूर्वेच्या ओसाड किनाऱ्यावर उतरले. मागे काहीच नव्हतं, त्यामुळे परत फिरण्याचा प्रश्नच उरला नाही. सहा जणांची ही तुकडी उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत स्लेज ओढत पलीकडे पोहोचली.

या प्रवासात त्यांना दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे, थंडीत नुसतं पोट भरून भागत नाही. सोबत नेलेल्या सुक्या मांसात चरबी फार कमी होती. त्यामुळे पोटभर खाऊनही सगळ्यांना तेलातुपाची अक्षरशः डोहाळे लागल्यासारखी वखवख सुटली होती. दुसरी म्हणजे, बर्फाळ प्रदेशात पाणीसुद्धा फुकट मिळत नाही. बर्फ वितळवायला इंधन लागतं. म्हणून त्यांनी एक खास स्टोव्ह तयार केला होता. अन्न शिजताना वाया जाणाऱ्या उष्णतेवरच त्यात बर्फ वितळायचं. पुढे कित्येक ध्रुवीय मोहिमांनी हा नान्सेन स्टोव्ह वापरला.

पलीकडे पोहोचेपर्यंत परतीचं जहाज निघून गेलं होतं. अख्खा हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या काळात नान्सेन तिथल्या इन्युइट लोकांमध्ये राहिले. त्यांच्याकडून शिकार, कयाक आणि कपडे कसे घालायचे हे शिकले. परत आल्यावर त्यांच्या जीवनावर पुस्तकही लिहिलं.

दगडमातीच्या खोपटात एक हिवाळा

त्यानंतर आली ती मोहीम, जिने नान्सेन जगप्रसिद्ध झाले.

त्यांचं म्हणणं होतं की उत्तर ध्रुवाजवळचं बर्फ स्थिर नाही, ते प्रवाहाबरोबर सरकतं. मग जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवून दिलं तर? त्यासाठी 'फ्राम' नावाचं गोल बुडाचं जहाज बांधून घेतलं. बर्फाने दाबलं की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जावं, अशी त्याची रचना होती. १८९३ साली ते निघालं आणि ठरल्याप्रमाणे बर्फात अडकलं.

मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि त्यांचा सहकारी यालमार योहान्सन असे दोघेच जहाज सोडून कुत्र्यांच्या स्लेजसह ध्रुवाच्या दिशेने निघाले. ८६ अंश उत्तरेच्या पुढे गेले. तोवर इतक्या उत्तरेला कुणीच पोहोचलं नव्हतं. पण पुढे जाणं अशक्य झालं, म्हणून ते वळले. जहाज कुठे सरकलंय याचा पत्ता नव्हता. दक्षिणेकडे चालत, होड्या वल्हवत ते फ्रान्झ जोसेफ लँड नावाच्या निर्मनुष्य बेटांवर पोहोचले. आणि हिवाळा सुरू झाला.

या दोघांनी जमिनीत खड्डा खणला, दगड रचून भिंती केल्या, वाहून आलेल्या एका ओंडक्याचा आढा टाकला आणि वर वॉलरसची कातडी पसरली. चरबीच्या दिव्यावर उजेड, त्यावरच स्वयंपाक, आणि जेवायला रोज अस्वलाचं मांस. दोघं एकाच झोपायच्या पिशवीत शिरून दिवसाचे कित्येक तास झोपून काढायचे.

इतके महिने एकत्र काढूनही दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत होते. ३१ डिसेंबरच्या रात्री त्यांनी ठरवलं, आता अरे-तुरे म्हणायला हरकत नाही.

मे १८९६ मध्ये ते तिथून निघाले आणि जूनमध्ये योगायोगाने एका ब्रिटिश मोहिमेशी त्यांची गाठ पडली. तेव्हा वजन केलं तर दोघांचंही वाढलेलं निघालं.

म्हणजे जवळपास आठ-नऊ महिने, जगातल्या सगळ्यात कडक थंडीत, दगडमातीच्या खोपटात दोन माणसं धडधाकट राहिली. कारण त्यांच्याकडे वारा अडवणारं छप्पर होतं, चरबीचं इंधन होतं, पोटभर मांस होतं आणि पांघरायला कातडी होती. शिवाय दोघंही तरणेताठे होते आणि स्वतःच्या मर्जीने तिथे आले होते.

पंचवीस वर्षांनी त्यांना जी माणसं भेटणार होती, त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

साठीच्या उंबरठ्यावर नवं काम

मधल्या काळात बरंच काही घडलं. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्यात नान्सेन यांचा मोठा वाटा होता. पुढे ते लंडनमध्ये नॉर्वेचे पहिले राजदूत झाले. १९०७ मध्ये पत्नी ईव्हा गेल्या. १९१३ मध्ये धाकटा मुलगा गेला. दक्षिण ध्रुवावर जायचं त्यांचं स्वप्न होतं, पण ते अर्धवट राहिलं. आपलं 'फ्राम' जहाज त्यांनी रोआल्ड आमुंडसेन यांना दिलं, आणि आमुंडसेन ते घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता, पण बाहेरून येणारं धान्य थांबल्याने देशात टंचाई झाली. नान्सेन अमेरिकेत गेले आणि १९१८ साली नॉर्वेसाठी धान्याचा करार करून आले. वाटाघाटी आणि धान्याची वाहतूक हे दोन्ही विषय त्यांनी तेव्हा जवळून पाहिले.

एप्रिल १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांचं काम सोपवलं. युद्ध संपलं होतं, पण लाखो सैनिक अजून परक्या देशात अडकून पडले होते. सायबेरियातल्या छावण्यांमध्ये तर काही जण १९१४-१५ पासून होते. आणखी एक सायबेरियन हिवाळा काढायची बहुतेकांच्यात ताकद नव्हती.

अडचण अशी, की रशियाच्या कम्युनिस्ट सरकारला राष्ट्रसंघच मान्य नव्हता. पण नान्सेन या माणसाशी बोलायला ते तयार झाले. नान्सेन यांनी जहाजं मिळवली, बाल्टिक समुद्रातून वाहतूक सुरू केली आणि हिवाळ्याच्या आत जितके निघतील तितके कैदी बाहेर काढायचा धडाका लावला. नोव्हेंबर १९२० पर्यंत सुमारे २ लाख माणसं घरी पोहोचली होती. दोन वर्षांत हा आकडा ४ लाख २७ हजारांवर गेला.

थंडी, भूक आणि एक जोडी बूट

१९२१ च्या उन्हाळ्यात व्होल्गाच्या खोऱ्यात दुष्काळ पडला. आधी महायुद्ध, मग यादवी, त्यात सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने उचललेलं धान्य आणि शेवटी न पडलेला पाऊस. बियाणंसुद्धा खाऊन झालं होतं. माणसं गावं सोडून रेल्वे स्टेशनांवर, नदीच्या धक्क्यांवर येऊन पडली. आईबाप वाटेत मेले आणि मुलं उरली. अशा मुलांसाठी जी बालगृहं उघडली, ती काही आठवड्यांतच ओसंडून वाहू लागली.

ऑगस्टमध्ये रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी मदतकार्याचं नेतृत्व नान्सेन यांच्याकडे दिलं. त्याच सुमारास राष्ट्रसंघाने त्यांना निर्वासितांचे उच्चायुक्त नेमलं. आणि सप्टेंबरमध्ये ते आमसभेपुढे उभे राहिले.

त्यांचा हिशोब साधा होता. कॅनडात पीक भरघोस आलंय. अमेरिकेत मका कुजतोय. अर्जेंटिनात तर मका रेल्वेच्या इंजिनात जाळतायत. युरोपच्या बंदरांमध्ये जहाजं रिकामी उभी आहेत. लागणारा पैसा म्हणजे एका युद्धनौकेच्या निम्म्या किमतीएवढा. सगळं आहे, फक्त ते हलवायचंय, आणि तेही बर्फ पडायच्या आत.

पण मदत केली तर कम्युनिस्ट सरकार मजबूत होईल, ही भीती सरकारांना जास्त मोठी वाटली. नान्सेन म्हणजे मॉस्कोच्या हातातलं बाहुलं आहे, अशीही टीका झाली.

सरकारांनी हात वर केल्यावर उरल्या त्या स्वयंसेवी संस्था. लंडनमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेने नान्सेन यांच्या छत्राखाली साराटोव्ह भागात मुलांसाठी अन्नछत्रं उघडली. सगळ्यात मोठा वाटा होता अमेरिकेचा. हर्बर्ट हूवर यांच्या अमेरिकन मदत संस्थेने स्वतंत्रपणे काम केलं आणि १९२२ च्या उन्हाळ्यात ती रोज १ कोटीहून जास्त लोकांना जेवू घालत होती. त्यापुढे नान्सेन यांच्या गटाचं काम लहान होतं, हे मान्य करावं लागतं.

तो हिवाळा मुलांना इतका जड का गेला, हे समजून घ्यायला हवं.

लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर थंड पडतं. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. शरीर गरम ठेवायला अन्न जाळावं लागतं. पोटात अन्न नसेल तर अंगावरची चरबी जळते, आणि ती संपली की स्नायू झिजू लागतात. ओल्या जमिनीवर, ओल्या कपड्यात झोपलेल्या मुलाच्या बाबतीत हे सगळं आणखी वेगाने होतं.

त्यात टायफस. हा आपल्या ओळखीचा टायफॉइड नव्हे. हा आजार अंगावरच्या कपड्यात राहणाऱ्या उवांमुळे पसरतो. थंडीत माणसं ऊब मिळावी म्हणून एकमेकांना चिकटून झोपतात. एकच कपडा महिनोन्महिने अंगावर असतो, कारण दुसरा नसतो. धुवायला गरम पाणी नसतं, कारण इंधन नसतं. उवांना एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायला याहून सोपी परिस्थिती नाही. म्हणजे थंडीपासून वाचायला मुलं जे करत होती, त्यातूनच त्यांना आजार जडत होता.

आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे बूट. अन्नछत्रात जेवण तिथेच बसून खायचा नियम होता, म्हणजे ते मुलाच्याच पोटात जाईल. पण ज्या मुलाच्या पायात काही नाही, ते बर्फातून अन्नछत्रापर्यंत येणार कसं? अन्न तयार होतं, पण कपडे आणि बूट नाहीत म्हणून मुलं घरातून बाहेर पडू शकत नव्हती. अशा ठिकाणी बुटांची जोडी म्हणजेच जेवण होतं.

धान्य वाहून नेण्याचीही तीच गत. नदी गोठली की बोटी बंद. रेल्वे यादवीत मोडकळीला आलेली. घोडे एकतर मेले होते किंवा लोकांनी खाल्ले होते. काही भागात बर्फातून उंटांच्या गाड्यांवर धान्य न्यावं लागलं. नान्सेन यांनी सप्टेंबरमध्ये जे सांगितलं होतं, ते डिसेंबरमध्ये जसंच्या तसं घडत होतं.

नान्सेन १९२१ च्या अखेरीस स्वतः व्होल्गाच्या भागात गेले. समारा, बुझुलुक. स्मशानात थंडीने गोठलेल्या प्रेतांचे ढीग होते, कारण गोठलेल्या जमिनीत खड्डा खणायची ताकद कुणात उरली नव्हती. त्यांनी कॅमेरा सोबत नेला होता. मुलांचे फोटो काढले, चित्रफीत तयार झाली. त्यांच्यासोबत गेलेला एक ब्रिटिश डॉक्टर टायफसने गेला.

परत आल्यावर त्यांनी युरोपभर सभा घेतल्या. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर ते फोटो दाखवायचे. फोटोंची पोस्टकार्डं छापून विकली आणि त्यातून पैसा उभा केला. सरकारांनी दार लावून घेतलं म्हणून ते थेट लोकांकडे गेले. आज मोबाईलवर एखाद्या मुलाचा फोटो दाखवून मदतीचं आवाहन केलं जातं, त्याचं हे शंभर वर्षांपूर्वीचं रूप.

तरीही या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसं मेली, असा अंदाज सांगितला जातो.

कागदाचा एक तुकडा

थंडीतून वाचलेल्या माणसाला पुढे कुठेतरी जायचं असतं. पण रशियातून पळालेल्या लाखो लोकांकडे कुठल्याच देशाची कागदपत्रं नव्हती. रशियाने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. कागद नाही म्हणजे सीमा ओलांडता येत नाही, काम मिळत नाही. मग छावणीतून बाहेर पडायचं कसं?

जुलै १९२२ मध्ये नान्सेन यांच्या प्रयत्नाने एक ओळखपत्र मान्य झालं. त्यालाच पुढे नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. हळूहळू ५० हून जास्त देशांनी ते स्वीकारलं आणि साडेचार लाखांच्या आसपास लोकांना ते मिळालं. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह ही त्यातली मोठी नावं. बाकीचे होते टॅक्सी चालवणारे, शिवणकाम करणारे आणि कारखान्यात राबणारे साधे लोक. छावणीतल्या मुलाच्या बापाला दुसऱ्या देशात काम मिळणं म्हणजे पुढचा हिवाळा पक्क्या घरात, एवढा सरळ याचा अर्थ होता.

नाट्यगृहात राहणारी कुटुंबं

हे चालू असतानाच सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानातलं स्मिर्ना शहर पेटलं. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या युद्धात ग्रीक सैन्य हरलं होतं. आशिया मायनरमधले ग्रीक आणि आर्मेनियन जीव मुठीत धरून समुद्राकडे पळाले. पाठोपाठ पूर्व थ्रेसमधले ग्रीकही निघाले. ऑक्टोबरच्या पावसात, चिखलातून, मैलोन्मैल बैलगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. गाडीत भांडीकुंडी, त्यावर म्हातारी माणसं आणि पोरं.

ग्रीसची लोकसंख्या तेव्हा ५० लाखांच्या आसपास. तिथे बघता बघता १२ लाखांच्या वर माणसं येऊन थडकली. त्यात बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त. कारण १८ ते ४५ वयाचे पुरुष तुर्की सैन्याने मजुरीसाठी अडकवून ठेवले होते. म्हणजे तंबू ठोकायला, लाकडं तोडायला, चार पैसे कमवायला घरात कर्ता माणूसच नव्हता.

आणि समोर पुन्हा हिवाळा.

अथेन्समध्ये शाळा, चर्च, गोदामं सगळं भरून गेलं. शहराच्या नाट्यगृहात एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहू लागलं. मधल्या कठड्यांवर कपडे वाळत घातलेले असायचे. दोन-अडीच हजार वर्षांच्या जुन्या देवळाच्या पायथ्याशी तंबूंची वस्ती उभी राहिली. देवी, टायफस असे आजार पसरले. समुद्रमार्गे येणाऱ्यांना आधी एका ओसाड बेटावर वेगळं ठेवावं लागलं.

नान्सेन यांनी यावेळी राष्ट्रसंघाकडून लगेच परवानगी मिळवली. रशियन निर्वासितांसाठी उभी केलेली यंत्रणा त्यांनी इकडे वळवली आणि स्वतः कॉन्स्टँटिनोपल आणि ग्रीसला गेले. पीठ, तंबू, ब्लँकेट आणि लस, हे आधी. पण नुसत्या तंबूंवर पुढचे हिवाळे निघणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून पश्चिम थ्रेसमध्ये त्यांच्या माणसांनी निर्वासितांना जमीन आणि अवजारं देऊन गावं वसवायचा प्रयोग सुरू केला. हीच कल्पना पुढे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने ग्रीसला त्यासाठी कर्जही मिळालं.

अनाथ मुलांचा मोठा भार 'निअर ईस्ट रिलीफ' या अमेरिकन संस्थेने उचलला. आनातोलियातून तिने सुमारे २२ हजार अनाथ मुलांना बाहेर काढलं. अथेन्समधली झापियोन ही भव्य इमारत काही काळ अनाथाश्रम झाली होती.

पण याच काळातला एक निर्णय नान्सेन यांच्यावर कायमचा प्रश्नचिन्ह लावून गेला. दोन्ही देशांनी अल्पसंख्याकांची अदलाबदल करावी, अशी योजना त्यांनी पुढे नेली. ३० जानेवारी १९२३ ला लोझान इथे त्यावर सह्या झाल्या. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला आणि ग्रीसमधल्या मुस्लिमांनी तुर्कस्तानात जायचं, तेही सक्तीने. साडेतीन ते चार लाख मुस्लिमांना ग्रीस सोडावं लागलं. यात भाषा विचारली नाही, धर्म बघितला. तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसमध्ये परके ठरले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुस्लिम तुर्कस्तानात.

बहुतेक ग्रीक आधीच हाकलले गेले होते, मोकळी झालेली घरं आणि शेतं मिळाली तर माणसं तंबूतून बाहेर येतील, असा नान्सेन यांचा विचार होता. पण ज्यांनी घर सोडलं नव्हतं, त्यांनाही यात घर सोडावं लागलं. कडाक्याच्या घाईत केलेल्या या तोडग्यावर इतिहासकार आजही भांडतात.

नोबेल आणि एक अपयश

१९२२ चा शांततेचा नोबेल पुरस्कार नान्सेन यांना मिळाला. बक्षिसाचा पैसा त्यांनी ग्रीसमधल्या निर्वासितांसाठी आणि रशिया-युक्रेनमध्ये आदर्श शेती उभी करण्यासाठी दिला. डेन्मार्कच्या एका प्रकाशकाने तेवढीच रक्कम त्यांना आणखी दिली, तीही याच कामात गेली.

शेवटची काही वर्षं त्यांनी आर्मेनियन लोकांसाठी घालवली. १९१५ च्या वंशसंहारातून वाचलेले हे लोक सीरियाच्या छावण्यांपासून काकेशसच्या डोंगरांपर्यंत विखुरले होते. १९२५ साली नान्सेन आर्मेनियात गेले. आज ग्युमरी म्हणतात त्या शहरात रशियन सैन्याच्या जुन्या बराकींमध्ये एकेकाळी २० हजारांहून जास्त अनाथ मुलं राहत होती. हे शहर उंच पठारावर आहे आणि तिथला हिवाळा भयंकर असतो. भिंती जाड दगडाच्या होत्या, म्हणून निदान वारा तरी अडत होता.

इथल्या कोरड्या जमिनीला पाणी द्यायचं, तिथे निर्वासितांना वसवायचं, अशी योजना नान्सेन यांनी मांडली. त्यासाठी कर्ज मागितलं. पुन्हा तेच घडलं. पुढची काही वर्षं ते दर सभेला उभे राहत होते आणि सरकारं पैसे देत नव्हती. शेवटी थोड्याच लोकांना आर्मेनियात वसवता आलं, बरेच जण सीरिया आणि लेबनॉनमध्ये स्थिरावले. युरोपने आर्मेनियन लोकांना शब्द देऊन तोंडघशी पाडलं, ही खंत त्यांच्या लिखाणात उघडपणे येते.

१३ मे १९३० ला ओस्लोजवळच्या आपल्या घरी नान्सेन यांचं हृदयविकाराने निधन झालं. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. त्याच दिवशी त्यांचा अंत्यविधी झाला. घराच्या आवारात एका झाडाखाली त्यांना विसावा मिळाला.

पुढे काय झालं?

राष्ट्रसंघाने त्यांच्या नावाने निर्वासितांसाठी कार्यालय सुरू केलं. त्या कार्यालयालाही १९३८ साली नोबेल मिळालं. १९५४ पासून संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था नान्सेन पुरस्कार देते. पहिला पुरस्कार एलिनॉर रूझवेल्ट यांना मिळाला होता.

त्यांचा मुलगा ओड याने नाझी राजवटीतून पळणाऱ्या ज्यूंना नॉर्वेत आणण्यासाठी संस्था काढली. नाझींनी नॉर्वे घेतल्यावर त्याला पकडून छळछावणीत टाकलं. तेव्हा नॉर्वेत नाझींच्या बाजूने सरकार चालवत होता विद्कुन क्विस्लिंग. हाच क्विस्लिंग १९२२ मध्ये युक्रेनच्या दुष्काळात नान्सेन यांच्या हाताखाली मदतकार्य करत होता.

शंभर वर्षांत एक गोष्ट मात्र नियम म्हणून मान्य झाली. निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काम करणाऱ्या मोठ्या संस्था आता हिवाळ्यासाठी वेगळी तयारी करतात. ब्लँकेट, उबदार कपडे, प्लास्टिकचे कागद, शेगडी, इंधनासाठी रोख पैसे. आणि हे सगळं थंडी पडायच्या आत छावणीत पोहोचवायची धडपड असते. सीरिया, लेबनॉन, अफगाणिस्तान, युक्रेन, ठिकाणं बदलत राहतात. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की पैशांचं आवाहन निघतं, आणि दरवर्षी ते पुरेसं भरत नाही.

नान्सेन आमसभेत उभे राहिले होते, तोही सप्टेंबरच होता.